लघवीची नळी, ठिबकची नळी आणि पाच महिने

माझं डिसर्टेशन जमा होऊन तीन महिने झाले. तरी ‘एथिक्स’ म्हटलं की अजून माझ्या कपाळावर आठी येते. खान्देशातल्या एका कॉलेजात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी केलं. कॉलेजचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण सर्टिफिकेटं अजून तिथेच अडकलेली आहेत.

विषय माझा मीच निवडला होता. दवाखान्यात पेशंटला लघवीची नळी घातली की काही दिवसांत तिच्या आतून-बाहेरून चिकट थर बसतो. या थरात नुसते जिवाणू नसतात, बऱ्याचदा कॅन्डिडासारखं यीस्टही, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असतं. ही मंडळी शेजारी राहून एकमेकांचं काय करतात, हे मला पाहायचं होतं. कॅन्डिडा अल्बिकन्स एरवी गोल पेशींच्या रूपात असतो, पण संधी मिळाली की लांब धागे काढतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू नेमका त्या धाग्यांना जाऊन चिकटतो. धाग्यावरचं एएलएस-३ नावाचं प्रथिन त्याला धरायला सापडतं. वर कॅन्डिडाच्या चिकट आवरणाचं पांघरूण मिळतं, आणि एरवी त्याला मारणारं व्हँकोमायसिन तिथे फिकं पडतं. स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूचं सगळं उलटं. होगन आणि कोल्टर यांनी २००२ साली दाखवलं की तो कॅन्डिडाचे धागे मारतो आणि गोल पेशींना हातही लावत नाही. म्हणजे एकाशी सोयरीक, दुसऱ्याशी वैर. मला हे वाचूनच झपाटल्यासारखं झालं होतं.

विषय माझ्या गाइड मॅडमना आवडला, सारांश दोन दिवसांत मंजूर झाला, जंतू वाढवायचा मीडिया आणि प्लेटा आल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडकलं ते एथिक्स समितीत. पेशंटकडून काहीही घ्यायचं असलं की आधी तिची मंजुरी लागते.

मला हव्या होत्या पेशंटच्या काढून टाकलेल्या नळ्या. त्यांना नवी सुई टोचायची नव्हती की औषध द्यायचं नव्हतं. डॉक्टर नळी काढणारच होते, आणि काढली की ती दवाखान्याच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत जाणार होती. त्यातला बोटभर तुकडा मला हवा होता. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कमी जोखमीच्या कामासाठी पूर्ण बैठकीशिवाय लवकर तपासणीची सोय आहे. मी ते पान झेरॉक्स करून अर्जाला जोडलं. गणपतीच्या आठवड्यात अर्ज दिला. दसऱ्यापर्यंत होईल, असं धरून चालले होते.

दसऱ्याला उत्तर आलं : अर्ज पूर्ण समितीपुढे जाईल. कारण लिहिलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर कळलं की संमतीपत्र फक्त इंग्रजीत आहे, मराठीत हवं. चूक माझीच, कबूल. पण हे कळवायला सात आठवडे? मराठी केलं, दिलं. मग कळलं, मराठीचं पुन्हा इंग्रजी करून दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. तेही केलं. मग डिसेंबरची बैठक कोरम नाही म्हणून रद्द झाली. पाच माणसं लागतात, आली चार. मी बाहेर बाकड्यावर बसले होते. शिपाईमामांनी चहा दिला आणि म्हणाले, “बेटा, पुढच्या महिन्यात ये.”

दर वेळी एकच त्रुटी. कागद नेला की पुढची. याचाच राग आहे मला, अजून आहे. अर्ज पहिल्या दिवशी कोणीतरी शेवटच्या पानापर्यंत वाचला असता, तर सगळ्या त्रुटी एकाच कागदावर आल्या असत्या. म्हणून पहिला सल्ला, जो मला शेवटी सुचला : अर्ज देतानाच ‘सर्व त्रुटी एकत्रित कळवाव्यात’ अशी ओळ कव्हरिंग लेटरमध्ये टाका आणि पोच घ्या. उपयोग होईलच असं नाही, पण आवाज चढवायला तुमच्याकडे कागद राहतो. अजून एक : अर्ज द्यायच्या आधी पुढच्या बैठकीची तारीख विचारा. मी विचारलीच नव्हती. माझा अर्ज बैठक झाल्याच्या तिसऱ्या दिवशी पोचला होता.

जानेवारीच्या बैठकीत मला आत बोलावलं. समितीत एक सामान्य माणूसही लागतो, ना डॉक्टर ना शास्त्रज्ञ. आमच्याकडे ते झेडपी शाळेतून रिटायर झालेले गुरुजी होते. घरची केळीची शेती. त्यांनी माझं संमतीपत्र डोळ्यांपासून लांब धरलं आणि मोठ्यानं वाचलं : “मूत्रनलिकेवरील बहुप्रजातीय जैवपटलातील परस्परक्रियांचा अभ्यास.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“बाई, तुम्हाला स्वतःला कळलं का हे?”

सगळे हसले. माझे कान तापले. आणि तोंडातून निघून गेलं, “गुरुजी, तुमच्या ठिबकच्या लॅटरलचं शेवटचं बूच काढलं की पहिल्यांदा काय बाहेर येतं?”

“बुळबुळीत. तपकिरी, चिकट. ड्रिपर बंद करतं ते.”

“तेच. पेशंटच्या नळीत तेच बसतं. मला बघायचंय, त्या बुळबुळीत कोण कोण राहतं आणि त्यांचं आपसात पटतं की नाही.”

गुरुजी जरा थांबले. म्हणाले, “क्षार असला तर आम्ही ॲसिड सोडतो. बुळबुळीला क्लोरीन. माणसाच्या आत काय सोडणार?”

खरं सांगते, पाच महिन्यांत कोणी विचारलेला सर्वांत चांगला प्रश्न तो होता. नळीतही दोन्ही असतात. प्रोटियस जिवाणू युरिया फोडून लघवी अल्कलीधर्मी करतो, मग क्षार बसतात आणि नळी आतून दगडासारखी बंद पडते. आणि आत ॲसिड सोडता येत नाही म्हणून तर नळी बदलावीच लागते. मी हे सगळं एका दमात सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “मग हेच लिहा ना कागदावर.”

लिहिलं. ‘नळीच्या आत जो चिकट, बुळबुळीत थर बसतो, त्यात राहणारे जंतू आणि बुरशी आम्ही पाहणार आहोत.’ १२ फेब्रुवारीला मंजुरीचं पत्र हातात आलं. एका अटीसह : तुकड्यांवर नुसते क्रमांक टाका, नाव आणि क्रमांक जोडणारी यादी ठेवू नका. मला काय, मी आनंदानं मान डोलावली.

आता हॉस्पिटलमधलं. लाल पिशवीत गेलेलं काहीही परत मागू नका, मिळणार नाही. पिशवीला बारकोड असतो, वजनाचा हिशोब असतो. नळी काढतानाच सिस्टरजवळ निर्जंतुक बाटली घेऊन उभं राहायचं. सिस्टरशी दोस्ती हे समितीच्या पत्राइतकंच मोठं काम, आणि ते मला एका आठवड्यात जमलं.

संमती घेताना मराठी कागदसुद्धा कमी पडायचा. चोपड्याकडचे एक आबा होते, अंगठा द्यायला तयार, पण आधी विचारलं, “हाई नळी लई जाईसन काय करशी वं माय?” मी अहिराणीत ठिबकचीच गोष्ट सांगितली. आबांना ठिबक कळलं, अंगठा उमटला. साक्षीदाराची सही तिथल्या तिथे घ्या, नातेवाईक जेवायला गेला की दोन तास सापडत नाही.

पण त्या पाच महिन्यांनी सूड घेतलाच. जे काम जानेवारीत व्हायचं ते एप्रिल-मेवर गेलं. जळगावकडचा मे माहीत आहे ना? आमच्या लॅबचा इन्क्युबेटर साधा, म्हणजे फक्त तापवणारा. खोलीच बेचाळीस अंशांवर असल्यावर तो सदतीसवर कसा थांबणार? एकदा सकाळी काट्यावर एकेचाळीस पाहिलं आणि आठवड्याचे सगळे आकडे खोडले. मग गार करू शकणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरसाठी रांग, तिथे पीएच.डी.वाले आधीपासून बसलेले. माझ्या प्लेटा रात्री अकराला आत, पहाटे पाचला बाहेर.

शिवाय क्रिस्टल व्हायोलेटवर विसंबू नका. प्लेटच्या खळग्यात थर किती जाड झाला ते जांभळा रंग सांगतो, पण त्यात यीस्ट किती आणि जिवाणू किती हे सांगत नाही. दोन वेगळ्या प्लेटा लावा, यीस्टसाठी सॅबुरो अगार या माध्यमात जिवाणूंना रोखणारं क्लोरॅम्फेनिकॉल आणि जिवाणूंसाठी यीस्टला मारणारं अँफोटेरिसिन घातलेलं माध्यम. मला हे पंधरा दिवस वाया घालवून कळलं.

एका रात्री, लाइट जाऊन आल्यावर, ग्रॅम स्टेन केलेली स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली. ऑइल लेन्समध्ये आडवा पसरलेला लांब जांभळा धागा, मधूनमधून फुगलेल्या गोल पेशी, आणि धाग्याला दोन्ही बाजूंनी लगटून बसलेल्या बारीक गुलाबी काड्या, म्हणजे जिवाणू. धाग्याच्या एका टोकाला दाटी, मध्येच मोकळी जागा, पुन्हा दाटी. मॅडमना फोन लावायला हात गेला, मग घड्याळ पाहिलं. पावणेबारा.

जूनच्या सुरुवातीला काम संपलं. बाइंडिंगच्या दुकानातून येताना बसस्टँडवर तेच आबा भेटले. तब्येत बरी होती, नळी निघाली होती. ओळखलं मला. विचारलं, “मन्ही नळीमा काय निंघनं?”

बावीस तुकडे होते. त्यातला आबांचा कोणता, ती यादी मी ठेवलीच नव्हती. समितीची अट.