तुम्ही विचारलंत म्हणून: क्लिक वेगळं, शेअर वेगळं

‘लोक क्लिकही करतील आणि शेअरही करतील असा मथळा कसा लिहायचा?’ हे मला इतक्यांदा विचारलं जातं, की उत्तर एकदाच लिहून ठेवते.

यात खरं तर दोन प्रश्न आहेत. क्लिक माणूस एकट्याने करतो, शेअर चारचौघांत. कुणाच्या तरी घटस्फोटाची बातमी आपण गुपचूप उघडतो, पण ऑफिसच्या ग्रुपवर टाकत नाही.

आधी क्लिकचं बघू. जॉर्ज लोवेनस्टाईन या अभ्यासकाने 1994 साली मांडलं, की आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यायचंय, त्यांच्यामधल्या फटीतून कुतूहल जन्मतं. म्हणजे फट जाणवायला आधी काहीतरी हाती लागावं लागतं. ‘फोन वापरताना ‘ही’ चूक करताय? वाचून थक्क व्हाल’ यात हाती काय लागलं? अवतरणातले ‘ही’, ‘या’, ‘त्या’ म्हणजे मला निव्वळ आळस वाटतो. त्यापेक्षा ‘फोन 80 टक्क्यांवरच चार्जिंगवरून काढला, तर बॅटरी जास्त का टिकते?’ असं लिहावं. एवढ्यावर ज्याचं भागलं तो पुढे जाईल, ज्याला त्यामागचं कारण जाणून घ्यायचंय तो आत येईल आणि थांबेल. ‘थक्क व्हाल’ला क्लिक जास्त पडतीलही, मी नाही म्हणत नाही. पण आत काही नसलं की वाचक आल्या पावली परत जातो, आणि हे फेसबुकलाही दिसतं. क्लिकनंतर माणूस किती वेळ वाचत बसतो, हे लक्षात घेणार असल्याचं फेसबुकने 2014 सालीच जाहीर केलं होतं.

आता शेअर. बर्गर आणि मिल्कमन या अभ्यासकांनी न्यूयॉर्क टाइम्सचे सुमारे 7,000 लेख तपासले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अचंबा, संताप किंवा चिंता जागवणारे लेख इतरांना जास्त पाठवले गेल्याचं दिसलं. नुसतं उदास करणारे कमी. संताप हा यातला सगळ्यात सोपा रस्ता, म्हणून तिथे गर्दी आहे. मला तो नको असतो. मी एवढंच बघते, की हा मथळा पाठवणाऱ्याच्या तोंडी शोभेल का? ‘फोन रात्रभर चार्जिंगला लावणाऱ्यांनी हे सेटिंग बदलून बघा’ हे वाचताना कुणीतरी एक माणूस डोळ्यासमोर येतो, आणि लिंक त्याला जाते.

ती लिंक तो उघडेलच असं नाही. 2016 सालच्या एका अभ्यासात ट्विटरवर शेअर झालेल्या बातम्यांच्या लिंकपैकी 59 टक्के एकदाही उघडल्या गेल्या नसल्याचं आढळलं. अनेकांसाठी मथळा हीच बातमी असते. म्हणून तो एकटा वाचला तरी खरा ठरला पाहिजे. आत ‘शक्यता’ असेल तर वर ‘सिद्ध झालं’ चालणार नाही. या एका बाबतीत मी सहकाऱ्यांशी भांडते.

किती मथळे लिहून बघायचे, हेही विचारतात. अपवर्दी या साइटवर एका मजकुरासाठी 25 मथळे लिहायची पद्धत होती. एवढे मला जमत नाहीत. पण पहिले दोन-तीन हमखास कुठेतरी वाचलेलेच निघतात. ते लिहून बाजूला ठेवल्याशिवाय आपला मथळा सुचत नाही.