डोंगर दिसतोय का?

ठाण्यात येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांना पावसाची वर्दी डोंगर देतो. पावसाळी वारे पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतात आणि येऊर शहराच्या पश्चिमेला. त्यामुळे सर आधी डोंगर गिळते, मग आपल्या दोरीवरच्या चादरी. ओट्यापाशी असली की आई हाक मारते, "डोंगर दिसतोय का रे?" एवढ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मी जुना वेबकॅम, लॅपटॉप आणि बरेच रविवार खर्ची घातले. खिडकी कुठे आहे ते मला ठाऊक आहे, कुणी सांगू नये.

पहिला वेबकॅमही आळसातूनच जन्मला. केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता; भांडं रिकामं असेल तर उगाच हेलपाटा कशाला! त्यामानाने माझं चादरींचं निमित्त बरं.

फोटो बघून त्यात काय आहे ते ओळखणारा प्रोग्रॅम, म्हणजे मॉडेल, शून्यातून घडवायच्या फंदात घरी कुणी पडत नाही. गूगलनं २०१७ मध्ये खुलं केलेलं मोबाइलनेट हे तयार मॉडेल घेतलं. इमेजनेट या फोटोसंग्रहातल्या लाखो फोटोंवरून कडा, पोत, रंग ओळखायला ते आधीच शिकलेलं असतं. त्याचा शेवटचा, उत्तर देणारा थर काढून तिथे आपले वर्ग, म्हणजे आपल्याला हवी ती उत्तरं, बसवायचे. फोटोही २२४ बाय २२४ पिक्सेलचा पुरतो. थर काढण्याआधी गंमत म्हणून त्याला आमचा डोंगर दाखवला. त्याच्या मूळच्या १००० वर्गांत ज्वालामुखी आहे, कुत्र्यांच्या शंभरावर जाती आहेत, पण येऊरसारख्या बेताच्या डोंगराची सोय नाही. बाल्कनीच्या ग्रिलकडे बघून त्यानं उत्तर दिलं, 'तुरुंग'. आईला ते लगेच पटलं.

मी वर्ग ठरवले तीन: दिसतोय, अंधुक, गायब. मग एकेक फोटो बघून कुठला कशात जातो ते सांगत बसायचं. सगळ्यात कंटाळवाणं म्हणतात ते हेच काम, मला मात्र बाकी सगळ्यापेक्षा हेच आवडलं, कारण निकाल द्यायला आई शेजारी येऊन बसली. "हा पाऊस नाही, धुरकं आहे." जानेवारीतली सकाळ आणि जुलैमधली सर, दोन्हींत डोंगर सारखाच पुसट. मी दोन्ही 'अंधुक'मध्ये टाकत होतो. तिच्या लेखी एकात कपडे राहू द्यायचे आणि एकात धावत सुटायचं, मग ते एक कसे? झाला चौथा वर्ग. संध्याकाळी सूर्य डोंगरामागे गेला की वेबकॅम आपला आपण उजेड आवरतो आणि डोंगराचा नुसता काळा आकार उरतो. "हा तर सगळ्यात छान दिसतोय," आई म्हणाली. तिथे मी वाद घातला नाही.

मॉडेल तपासताना मात्र कडक राहावं लागतं. दर मिनिटाला फोटो घेतला तर लागोपाठचे दोन फोटो जुळ्यांसारखे असतात. त्यातला एक शिकवायला आणि दुसरा परीक्षेला दिला, तर गाइडमधलाच प्रश्न पेपरात आल्यासारखे भरघोस गुण पडतात. म्हणून परीक्षेसाठी अख्खे दिवसच वेगळे काढायचे. शिवाय मेमधला तपकिरी येऊर जूनमध्ये आठवडाभरात हिरवागार होतो. मेच्या फोटोंवर शिकलेल्या मॉडेलला तो परकाच. वर्षाचे सगळे ऋतू भरवल्याशिवाय त्याच्या हातात चादरी सोपवू नयेत, असं माझं मत.

सध्याची अडचण वेगळीच आहे. समोर एक टॉवर चढतोय आणि डोंगराचा डावा भाग स्लॅबगणिक त्याच्यामागे जातोय. तो 'गायब'मध्ये धरायचा का, यावर घरात एकमत नाही. आईचं म्हणणं, टॉवर काही पाऊस नव्हे. मी फोटोची डावी बाजू कापून टाकली. उरलेल्या उजव्या बाजूवर तूर्तास भागतंय. शेजारच्या काकूंनी त्यांच्याही मोबाइलवर घंटी वाजेल असं काहीतरी कर म्हणून सांगितलंय.