तुम्ही विचारलंत म्हणून: कॅथलिक नाही, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) नाही, मग कोण?

ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ख्रिश्चन? मग गोव्याचे का?" नाही हो, नगरचे, घरात मराठीच, पुरणपोळी पण होते. दुसरा प्रश्न, "कॅथलिक की प्रोटेस्टंट?" आणि विचारणारं माणूस ख्रिस्तीच असेल तर सरळ, "कुठल्या चर्चचे?" मी म्हणते नॉन-डिनॉमिनेशनल. यावर सगळे "अच्छा अच्छा" म्हणतात आणि विषय बदलतात. पण काही जण परत परत विचारतात, मावशी तर प्रत्येक नाताळला, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

सोपं उत्तर असं की आमची मंडळी (म्हणजे एकत्र उपासना करणारा आमचा समुदाय) कुठल्याच पंथाच्या छत्राखाली नाही. वर बिशप (अनेक चर्चवरचा धर्माधिकारी) नाही, त्याचा विभाग म्हणजे डायोसिस नाही, सगळ्यांसाठी निर्णय घेणारी सभा म्हणजे सिनॉड नाही. एक पास्टर आणि काही वडील (म्हणजे जबाबदारीची माणसं, त्यातले एक माझ्याहून लहान आहेत) मिळून सगळं बघतात, ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, आणि उपासना पिंपरीत एका भाड्याच्या हॉलमध्ये, जिथे बारा वाजता खुर्च्या आवरायच्याच कारण नंतर कुणाचा तरी साखरपुडा असतो.

पण पंथ नाही म्हणजे काहीच ठरलेलं नाही, असं समजू नका. आमच्याकडे लहान बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, फक्त प्रार्थना करून समर्पण करतात, आणि मोठं झाल्यावर ज्याचं त्याने विश्वास कबूल करून पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यायचा. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) विश्वास ठेवणाऱ्या कुणालाही. छापील उपासनाक्रम नाही, कीबोर्ड-ड्रमवर गाणी, मग तासभर संदेश, म्हणजे प्रवचन. ज्याला यातलं कळतं तो लगेच म्हणेल की बाप्तिस्मा बॅप्टिस्टांचा, गाणी पेंटेकॉस्टलांची, कारभार काँग्रिगेशनलांचा (हे सगळे प्रोटेस्टंट पंथच), मग नवीन काय? बरोबर आहे, नवीन काहीच नाही. फक्त बोर्डावर यातलं एकही नाव नाही.

मावशीचं म्हणणं असं की मी "आपलं" चर्च सोडलं. आता आपलं म्हणजे कुठलं ते बघा. आमचे पणजोबा नगर जिल्ह्यातले, तिथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून, म्हणून ते काँग्रिगेशनल. तेच कोल्हापूरकडे असते तर प्रेसबिटेरियन झाले असते, बुलढाण्यात असते तर कदाचित नाझरीन, नाशिकला असते तर अँग्लिकन, कारण मिशनांनी बऱ्याच अंशी जिल्हे आपसात वाटून घेतले होते. म्हणजे आमच्या लोकांनी येशूला निवडलं, पंथ मात्र त्यांना तालुक्याप्रमाणे मिळाला. मग १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपलं सीएनआय. बिशप आला तो तेव्हा. काँग्रिगेशनल मंडळीवर बिशप नसतोच, तिथे मंडळीच स्वतःचे निर्णय घेते, म्हणजे बिशपशिवायची मंडळी आमच्या घराण्यात मावशीच्या चर्चपेक्षा जुनी आहे. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, वाद घालू नकोस, जेव.

आणि हे काहीतरी अमेरिकेहून यूट्यूबवरून आलेलं फॅड आहे असं ज्यांना वाटतं (थोडं आहे पण, आमची निम्मी गाणी तिकडचीच भाषांतरं आहेत, आणि त्यातली काही ऐकवत नाहीत) त्यांनी आपल्याच दोन माणसांकडे बघावं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला खरा, पण एका पंथाला स्वतःला बांधून घ्यायला त्या तयार झाल्या नाहीत, तिथल्या सिस्टर्सशी (जोगिणींशी) पत्रांतून भांडल्या, आणि पुढे केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी कुठल्याच पंथाच्या दावणीला बांधलं नाही. दुसरे रेव्हरंड टिळक (कवी नारायण वामन टिळक, लोकमान्य नव्हेत). वर्षानुवर्षं अमेरिकन मिशनबरोबर काम केलं आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. तेवढं धाडस आमच्या फेलोशिपमध्ये (म्हणजे याच मंडळीत) पण नाही, खरं सांगते, आमच्याकडे मेंबर व्हायला बाप्तिस्मा लागतोच. टिळक १९१९ मध्ये गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांची पदं मात्र 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून सगळेच गातात, सीएनआयवाले, मेथॉडिस्ट, आम्ही.

आता आमच्याच लोकांना जे आवडत नाही ते. "आम्ही पंथ मानत नाही, फक्त बायबल मानतो" हे वाक्य आमच्याकडे फार अभिमानाने म्हणतात, आणि मला ते दरवेळी खटकतं. बायबलमधल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल करिंथच्या मंडळीतल्या गटबाजीवर चिडलाय, कुणी म्हणतो मी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा (हे त्या काळचे पुढारी), आणि त्याच यादीत शेवटी कुणी म्हणतो मी ख्रिस्ताचा. म्हणजे तोसुद्धा एक गटच! अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टोन आणि कॅम्पबेल या धर्मोपदेशकांनी हेच केलं, सगळे पंथ सोडा, नुसते ख्रिस्ती व्हा म्हणाले, आणि त्यातूनच पुढे तीन वेगवेगळे गट उभे राहिले. त्यातल्या डिसायपल्स ऑफ ख्राइस्टच्या भारतातल्या मंडळ्या १९७० मध्ये सीएनआयमध्ये आल्या. पंथ नको म्हणणारे शेवटी बिशपखाली आले, यावर आमच्याकडे कुणी संदेश देत नाही.

आणि बिशप नसल्याचं दुखणं वेगळंच. मी आधी ज्या फेलोशिपमध्ये होते तिथे पास्टर, त्यांची मिसेस आणि मुलगा हेच ट्रस्टी, आणि दशमांशाचा (उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देतात त्याचा) हिशोब विचारला तर "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका" हे स्तोत्रातलं वचन ऐकवायचे. तक्रार करायची कुणाकडे? वर कुणीच नाही, सरळ धर्मादाय आयुक्त किंवा देव. बिशपवाल्यांकडे सगळं आलबेल असतं असं नाही, प्रॉपर्टीवरून कोर्टकचेऱ्या तिथेही आहेत, पण निदान अर्ज कुणाच्या नावे लिहायचा ते तरी माहीत असतं. आता मी जिथे जाते तिथे वर्षातून एकदा हिशोब वाचून दाखवतात, आणि हे चर्च निवडताना मी सिद्धांताच्या आधी तेच विचारलं होतं.

लग्न आणि मरण या दोन वेळेला पंथ नसणं सगळ्यात जास्त टोचतं. १८७२ च्या ख्रिश्चन विवाह कायद्यात बिशपने दीक्षा दिलेला पाळक चालतो, चर्च ऑफ स्कॉटलंडचा तर नाव घेऊन लिहिलाय, आमच्या पास्टरसारख्यांना मात्र सरकारचं लायसन्स काढावं लागतं, नाहीतर जोडपं मॅरेज रजिस्ट्रारकडे. दफनभूमी बहुतेक ठिकाणी जुन्या चर्चच्या ताब्यात, आणि ते मेंबरशिपचं पत्र मागतात. आमच्यातले कितीतरी जण म्हणूनच जुन्या चर्चची वर्गणी गुपचूप भरत राहतात. मी पण भरते. ढोंग म्हणा हवं तर, मी सोय म्हणते.

सध्या घरात विषय आहे मुलीच्या बाप्तिस्म्याचा. ती बारा वर्षांची, अजून झालेला नाही, आणि मावशीला याची काळजी माझ्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा जास्त आहे. गंमत म्हणजे सीएनआयमध्ये दोन्ही चालतं, बाळपणीचा पण आणि मोठेपणी विश्वास कबूल करून घेतलेला पण, कारण एकत्र आलेल्या त्या सहांमध्ये बॅप्टिस्टही होते. मुलीला मावशीच्या चर्चचं क्वायर आवडतं, गुड फ्रायडेला सात उद्गारांची (क्रुसावर येशूने काढलेल्या उद्गारांवरची) उपासना ती तिथेच बसून ऐकते, पूर्ण तीन तास. उद्या म्हणाली की मला तिथेच बाप्तिस्मा घ्यायचाय, तर माझी हरकत नाही. आमच्या पास्टरांची आहे का, ते अजून विचारलेलं नाही.