नुसत्या पाण्यालाच पेशी पेटल्या तेव्हा

सोलापुरातल्या आमच्या फार्मसी कॉलेजच्या लॅबमधली गोष्ट, मे महिन्यातली. उंदरांच्या पोटातून काढलेल्या मॅक्रोफेजवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींवर, एका वनस्पतीचा अर्क टाकून टीएनएफ (पेशी चिडल्या की सोडतात ते दाहाचं प्रथिन) मोजायचं काम होतं, आणि एलायझा प्लेटवर (टीएनएफ जितका जास्त तितका रंग गडद) ज्या वेल्समध्ये, म्हणजे खळग्यांमध्ये, नुसतं पाणी टाकलेलं त्याच गडद पिवळ्या झाल्या, मुद्दाम एलपीएस (पेशींना चिडवणारं, जंतूंच्या आवरणातलं द्रव्य) घातलेल्यांइतक्याच. मॅडम म्हणाल्या, उंदीर आजारी असतील, प्राणिघर सांभाळणाऱ्या मामांनी पिंजरे नीट धुतले नसतील. मला हे अजिबात पटलं नाही, मामांइतकी त्या जनावरांची काळजी आमच्यापैकी कुणीच घेत नाही.

मला संशय पाण्याच्या कॅनचा होता. इथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून आलं की डिस्टिलेशन लावून आठवड्याचं भरून ठेवतात, आणि त्या उन्हाळ्यात कॅनच्या तळाशी ग्रॅम निगेटिव्ह जंतू आरामात वाढतात. ऑटोक्लेव्ह केलं की जंतू मरतात, पण त्यांच्या बाहेरच्या आवरणातलं एलपीएस १२१ डिग्रीला जात नाही, काचेवरचं घालवायचं तर २५० डिग्रीला अर्धा तास लागतो. आणि पेशीला जंतू जिवंत का मेलेला याच्याशी देणंघेणंच नाही, एलपीएसमधलं लिपिड ए पेशीवरच्या एमडी-२ या प्रथिनाच्या खाचेत बसलं की त्याला जोडलेल्या टीएलआर४ या रिसेप्टरच्या जोड्या जमतात आणि टीएनएफ सुटतो. मग पाण्यात पॉलिमिक्सिन बी हे अँटिबायोटिक घातलं, ते लिपिड ए ला चिकटून बसतं. दुसऱ्या दिवशी त्या वेल्स जवळजवळ पांढऱ्या! मी प्लेट घेऊन आधी मामांकडे गेले.

सी३एच/एचईजे जातीचे उंदीर आमच्याकडे असते तर आणखी पक्कं झालं असतं. त्यांच्या टीएलआर४ मध्ये ७१२ व्या जागी प्रोलिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन आहे, एवढ्यानेच त्यांना एलपीएस कळत नाही, हे ब्रूस बॉयटलर यांच्या लॅबने १९९८ मध्ये शोधलं आणि २०११ मध्ये त्यांना नोबेलचा वाटा मिळाला. एलपीएसच्या मोठ्या डोसने ते मरत नाहीत पण थोड्याशा साल्मोनेलाने मरतात, हे मी कितीदा वाचलंय तरी दरवेळी थांबायला होतं.

झोप मात्र वेगळ्याच गोष्टीने उडाली. आमच्या सिनिअर दादाचा अर्क ‘प्रतिकारशक्ती वाढवतो’ असा निष्कर्ष याच कॅनच्या पाण्यावर आलाय, आणि त्याच्या तुलनेसाठीच्या कंट्रोलला नुसतं मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण) होतं, पाणी नव्हतंच, म्हणजे पाण्यातल्या एलपीएसचा परिणाम अर्काच्या नावावर गेला असू शकतो. काल फोन केला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, त्या बॅचचा अर्क फ्रीजरला आहे का बघ.

आहे. दोन व्हायल. सोमवारी पॉलिमिक्सिन घालून लावतेय.