पवित्र शास्त्राचा भरवसा आणि इतिहासाची साक्ष

पवित्र शास्त्र एक सांगते आणि इतिहासकार दुसरे सांगतात, अशा वेळी विश्वासणाऱ्याने कोणावर भरवसा ठेवावा, हा प्रश्न साताऱ्यातील आमच्या तरुणांच्या शास्त्राभ्यासात इतिहास विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या एका मुलीने विचारला. "तू फक्त विश्वास ठेव," असे सांगून तिला गप्प बसवणे सोपे होते; परंतु असे उत्तर मिळालेली मुले पुढे मंडळीपासून दुरावतात, हे मी पाहिले आहे, आणि ते उत्तर पवित्र शास्त्राला धरूनही नाही.

लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच थियफिलाला सांगतो की, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा मुळापासून शोध करून तो त्या अनुक्रमाने लिहीत आहे. तिसऱ्या अध्यायात तो रोमन सम्राट तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचे पंधरावे वर्ष सांगतो आणि पंतय पिलात, हेरोद, हन्ना व कयफा यांची नावे देतो. जो लेखक वर्ष आणि अधिकाऱ्यांची नावे देतो, त्याला आपले लिखाण पडताळले जाण्याची भीती नसते. पौल तर करिंथकरांना स्पष्टच लिहितो की, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे. ज्या विश्वासाने आपला पाया एका घडलेल्या घटनेवर घातला, त्याला इतिहासाकडे पाठ फिरवता येत नाही.

मात्र इतिहास म्हणजे काय, हे साताऱ्याच्या माणसाला निराळे सांगायला नको. येथे रेसिडेंट, म्हणजे इंग्रज कंपनीचे प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. पुढे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांना वाईला जुनी पत्रे मिळाली, १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, आणि डफवर व बखरींवर विसंबून मांडलेल्या कित्येक गोष्टी पुन्हा तपासाव्या लागल्या. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली पदच्युत करताना कंपनी सरकारने जे आरोप कागदावर आणले, तेवढेच वाचणाऱ्याला महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे कशासाठी झगडत राहिले, हे कळणार नाही. नवे साधन हाती आले की जुना निष्कर्ष बदलणे, ही इतिहासाची प्रामाणिकता आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु ज्याचा निष्कर्ष उद्या बदलू शकतो, त्याच्या हाती जीवन-मरणाचा अंतिम निवाडा देता येत नाही.

दानीएलाच्या पुस्तकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यात बाबेलचा राजा म्हणून आलेले बेलशस्सर हे नाव प्राचीन ग्रीक इतिहासकारांच्या राजावळीत नसल्यामुळे काही टीकाकार ते काल्पनिक समजत होते. १८५४ साली ऊर येथे सापडलेल्या मातीच्या दंडगोलांवर बाबेलच्या नबोनिडस राजाने आपल्या थोरल्या पुत्रासाठी केलेली प्रार्थना वाचली गेली आणि त्या पुत्राचे नाव तेच निघाले. आपल्या मंडळ्यांमधून हा दाखला मोठ्या आनंदाने दिला जातो; मलाही आनंद होतो. तरी मी तरुणांना विचारतो की, ते दंडगोल आजही मातीखालीच असते, तर आपण काय केले असते? दानीएल १८५३ पर्यंत खोटा आणि १८५४ पासून खरा, असा विश्वास कोणाला जन्मभर पुरणार आहे?

उलट बाजूची अडचणही लपवू नये. येशूचा जन्म हेरोद राजाच्या दिवसांत झाला, असे मत्तय सांगतो, आणि बहुतेक अभ्यासक हेरोदाचा मृत्यू इ. स. पूर्व ४ मध्ये धरतात. लूक येशूच्या जन्माच्या वेळच्या ज्या नावनिशीचा, म्हणजे लोकांच्या सरकारी नोंदणीचा, उल्लेख करतो, ती क्विरीनिय सुरियाचा सुभेदार असतानाची आहे, आणि योसेफस हा यहूदी इतिहासकार क्विरीनियाची नावनिशी इ. स. ६ च्या सुमारास, म्हणजे हेरोदाच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, ठेवतो. आधी आणखी एक नावनिशी झाली असावी, असे काही अभ्यासक म्हणतात. काही जण लूकच्या वाक्याची मांडणी वेगळ्या रीतीने समजून घेतात. यांपैकी कोणत्याही उत्तराने माझे पूर्ण समाधान झालेले नाही, आणि हे मी शास्त्राभ्यासात तसेच सांगितले. त्याच लूकने प्रेषितांच्या कृत्यांत गल्लियो हा अखया या ग्रीसमधील रोमन प्रांताचा अधिकारी होता असे लिहिले आहे, आणि डेल्फी येथील शिलालेखामुळे त्याचा तेथील काळ इ. स. ५१-५२ च्या आसपास ठरवता येतो. जेथे पडताळा घेता येतो तेथे जो साक्षीदार इतका काळजीपूर्वक बोलतो, त्याला एका न सुटलेल्या गाठीसाठी खोटा ठरवणे मला न्यायाचे वाटत नाही.

तथापि देवाच्या वचनावरचा माझा भरवसा गल्लियोच्या शिलालेखातून आलेला नाही. ते वचन ज्या ख्रिस्ताला माझ्यापुढे उभे करते, त्याच्यावरच्या भरवशातून तो आला आहे. पिलाताच्या अमलात ख्रिस्ताला देहदंड झाला, हे रोमन इतिहासकार टॅसिटसही लिहितो. तो उठला असे त्याचे शिष्य लवकरच जाहीरपणे सांगू लागले, हेही इतिहासाला सांगता येते. देवाने त्याला उठवले, हे मात्र कागदपत्रे आणि उत्खनने यांच्या साधनांनी सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. तेथे मी प्रेषितांच्या साक्षीवर विसंबतो, आणि हे विसंबणे मी पूर्ण जाणीवपूर्वक करतो.

यापुढे आम्ही यहोशवाचा सहावा अध्याय, म्हणजे यरीहोचा तट कोसळल्याचा वृत्तांत, घेणार आहोत. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहो येथे उत्खनन केले आणि तेथील तटबंदीचे नगर यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या बरेच आधी नष्ट झाले होते, असा निष्कर्ष काढला. हा प्रश्न नावनिशीच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. तो मंडळीसमोर मांडण्याचे काम त्याच मुलीने मागून घेतले आहे, आणि केन्यन यांचे म्हणणे कोठेही सौम्य न करता तिने मांडावे, एवढीच सूचना मी तिला दिली आहे.