नेरुळच्या मैदानावर ऐकलेली दुसरी बाजू

डब्लिनच्या यू-टू या बँडचा भारतातला पहिला कार्यक्रम १५ डिसेंबर २०१९ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. ‘द जोशुआ ट्री’ हा त्यांचा १९८७ सालचा आल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मूळ क्रमाने सादर करणाऱ्या दौऱ्याचा तो अखेरचा प्रयोग होता. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिले गेले, पण त्यातले बहुतेक लिखाण मंचामागच्या पडद्याविषयी, उपस्थित तारे-तारकांविषयी आणि चार-पाच गाजलेल्या गाण्यांविषयी होते. मला लिहायचे आहे ते आल्बमच्या उत्तरार्धाविषयी, कारण माझ्या दृष्टीने त्या कार्यक्रमाचा खरा ऐवज तिथे होता.

आमच्या पिढीला हा आल्बम कॅसेटवर भेटला. माझ्या मामेभावाने काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणलेली ती कॅसेट परळच्या आमच्या चाळीत इतक्या हातांतून फिरली, की तिच्यावरची अक्षरे पुसट झाली होती. पहिल्या बाजूला पाच गाणी आणि दुसऱ्या बाजूला सहा. ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’, ‘आय स्टिल हॅवन्ट फाउंड व्हॉट आयम लुकिंग फॉर’ आणि ‘विथ ऑर विदाउट यू’ ही तिन्ही गाणी पहिल्या बाजूला लागोपाठ येत असल्याने बहुतेकांची कॅसेट तिथूनच मागे फिरवली जाई. दुसरी बाजू उलटून लावणारे थोडे. मी त्या थोड्यांपैकी होतो आणि ती सहा गाणी कधी कोणाच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकायला मिळतील, अशी आशा मी बाळगलेली नव्हती, कारण मोठे बँड आपल्या कार्यक्रमात गाजलेलीच गाणी वाजवतात आणि आल्बममधली आडबाजूची गाणी बहुधा तिथेच राहतात.

कार्यक्रमाची सुरुवात मुख्य रंगमंचावर झालीच नाही. प्रेक्षकांत घुसलेला, अमेरिकेच्या वाळवंटात वाढणाऱ्या जोशुआ वृक्षाच्या सावलीच्या आकाराचा एक छोटा मंच होता. ड्रमवादक लॅरी मलन एकटाच चालत तिथे आला आणि त्याने ‘संडे ब्लडी संडे’चा तो लष्करी थाटाचा ताल धरला, मग बाकीचे तिघे एकेक करून येऊन मिळाले. मागचा भव्य पडदा या पहिल्या काही गाण्यांत जवळजवळ निद्रिस्त होता. चार माणसे, चार वाद्ये आणि भोवती हजारो लोक, एवढेच. मला हा निर्णय फार समजूतदार वाटला, कारण सुमारे ६१ मीटर रुंद आणि १४ मीटर उंच पडदा हाताशी असताना तो सुरुवातीलाच न वापरण्याला संयम लागतो. ‘प्राइड’ हे मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचे गाणे याच भागात आले. किंग १९५९ साली भारतात आले होते आणि गांधींच्या विचारांचे ऋण त्यांनी वारंवार बोलून दाखवले होते, त्यामुळे ते गाणे मुंबईपासून खाडीपल्याड ऐकताना मला अजिबात परके वाटले नाही.

मग चौघे मुख्य मंचावर गेले, पडदा लालभडक झाला, त्यावर काळा जोशुआ वृक्ष उभा राहिला आणि ‘स्ट्रीट्स’चे ते लांबलचक, हळूहळू वर चढणारे सूर सुरू झाले. या गाण्याच्या बांधणीत एक कसब आहे. बँडचा गिटारवादक एज याची गिटार सहा मात्रांच्या झुलत्या वजनात आत येते आणि ड्रम लागता लागता सगळे गाणे चार मात्रांच्या सरळ ठेक्यात उतरते. शिवाय तो गिटारचा प्रत्येक सूर डिले यंत्रातून नेतो, म्हणजे छेडलेल्या दोन सुरांच्या मधल्या जागेत आधीच्या सुराचा प्रतिध्वनी येऊन पडतो आणि एकाच माणसाच्या बोटांतून दोघांचे वादन ऐकू येते. घरी हेडफोनवर हे सारे नीटनेटके वाटते. मोकळ्या मैदानात मात्र यंत्राच्या त्या प्रतिध्वनीला हवेतून येणाऱ्या आवाजाचीही जोड मिळते. मी मंचापासून साधारण शंभर मीटरवर उभा होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने येत असल्यामुळे लॅरीची काठी ड्रमवर पडताना आधी दिसे आणि ठोका निमिषभराने छातीवर येई. मैदानाच्या मागच्या भागात उभारलेल्या स्पीकरांना मुद्दाम तेवढाच उशीर दिलेला असतो, नाहीतर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांवर आदळून शब्दांचा चिखल झाला असता. ही जुळणी करणारे ध्वनितंत्रज्ञ कोणाला दिसत नाहीत, पण त्या रात्री गायक बोनोचा एकेक शब्द मागेपर्यंत स्वच्छ पोहोचत होता, याचे श्रेय त्यांचे आहे.

‘बुलेट द ब्लू स्काय’ आणि ‘रनिंग टू स्टँड स्टिल’ झाली आणि कॅसेटची पहिली बाजू संपली. इथे गर्दीत एक हालचाल झाली. पाण्याकडे, खाण्याकडे जाणाऱ्यांची रीघ लागली आणि माझ्या आसपास अचानक मोकळी जागा झाली. मला त्याचा राग आला नाही, उलट पुढे सरकता आले.

‘रेड हिल मायनिंग टाउन’ हे दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे. १९८४ च्या मार्चपासून जवळजवळ वर्षभर चाललेल्या ब्रिटनमधील कोळसा खाणकामगारांच्या संपाची त्याला पार्श्वभूमी आहे, परंतु गाणे घोषणा देत नाही. काम गेलेल्या माणसाच्या घरात नवरा-बायकोच्या नात्यावर काय ताण येतो, याकडे ते पाहते. बँडने हे गाणे तीस वर्षे कधी मंचावर गायलेच नव्हते, २०१७ साली या दौऱ्याच्या पहिल्या फेरीत ते प्रथम गायले गेले. पडद्यावर गणवेशातले पितळी वाद्यांचे पथक उभे होते आणि त्या वाद्यांचा जड, भरलेला आवाज गाण्याखाली वाहत होता. ते ऐकताना मला मुंबईचा गिरणी संप आठवत होता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते, त्यांत आमचे काका होते. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही आणि काकांची गिरणी पुन्हा पूर्ववत चाललीच नाही. काकू पहाटे उठून खाणावळीचे डबे भरायच्या आणि काका दाराशी बसून, ज्या भोंग्यावर आयुष्य बेतले होते त्याच्या वेळा घड्याळात बघत राहायचे. दोघांमधले बोलणे त्या काळात किती कमी झाले होते, हे मला लहानपणी दिसत होते, पण समजत नव्हते. इंग्लंडमधल्या खाणवस्तीचे गाणे परळच्या खोलीत इतके खरे का वाटत असे, याचे उत्तर मला नेरुळच्या मैदानावर मिळाले, कारण तिथे ते माझ्या एकट्याच्या कानात नव्हते. शेजारी उभे असलेले, माझ्याहून वयाने मोठे एक गृहस्थ डोळे मिटून प्रत्येक ओळ म्हणत होते.

‘इन गॉड्स कंट्री’ आणि ‘ट्रिप थ्रू युअर वायर्स’ ही दोन्ही गाणी लवकर निघून गेली, त्यांच्यावर माझे फारसे प्रेमही नाही. ‘वन ट्री हिल’वर मात्र आहे. ऑकलंडमधील एका टेकडीचे हे नाव. ग्रेग कॅरल हा माओरी तरुण न्यूझीलंडमध्ये बँडच्या संपर्कात आला, त्यांच्याबरोबर काम करू लागला आणि जुलै १९८६ मध्ये डब्लिनमध्ये बोनोची मोटारसायकल चालवत असताना अपघातात गेला. आल्बम त्याच्याच स्मृतीस अर्पण केलेला आहे. शोकगीत असूनही याची चाल रडवी नाही. गिटार समुद्राच्या लाटेसारखी पुढे-मागे होत राहते आणि शेवटी गायकाचा आवाज फाटेपर्यंत वर जातो. साठीला टेकलेल्या बोनोचा आवाज तिथे खरोखर फाटला, आणि तो तसा फाटला हेच योग्य होते.

‘एक्झिट’च्या काळोखानंतर ‘मदर्स ऑफ द डिसअपिअर्ड’ आले. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने गायब केलेल्या मुलांचा जाब विचारत ज्या आया १९७७ पासून ब्युनोस आयर्सच्या चौकात फेऱ्या घालत राहिल्या, त्यांचे हे गाणे. १९८६ साली बोनोने मध्य अमेरिकेत जे पाहिले तेही त्यात मिसळले आहे. पडद्यावर हातात मेणबत्त्या घेतलेल्या स्त्रिया ओळीने उभ्या होत्या. आल्बमचा शेवट असा आहे, हे पहिल्या बाजूवरून परत फिरणाऱ्यांना कधी कळले नसेल.

त्यानंतरचा भाग उत्सवाचा होता. ए. आर. रहमान आपल्या मुली खतिजा आणि रहीमा यांच्यासह मंचावर आले आणि नुकतेच प्रसिद्ध झालेले ‘अहिंसा’ हे एकत्र केलेले गाणे सादर झाले. ‘अल्ट्राव्हायोलेट’च्या वेळी पडद्यावर कर्तृत्ववान स्त्रियांचे चेहरे आले, त्यांत भारतीय स्त्रियाही होत्या, आणि शेवटी ‘वन’ झाले. तोवर पाणी आणायला गेलेले सगळे परतले होते आणि आमच्या आसपास पुन्हा रेटारेटी सुरू झाली होती.

पुढे २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेचे याच मैदानावर तीन प्रयोग झाले आणि मे महिन्यात गन्स एन’ रोझेस महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. मुंबईला आता मोठे बँड येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु संपूर्ण आल्बम क्रमाने वाजवण्याचे धाडस पुन्हा इथे कोणी करावे, अशी माझी फार इच्छा आहे, आणि तसा कार्यक्रम ठरला तर मी तिकीट काढताना मंचापासूनचे अंतर पाहणार नाही.