२९ आठवडे २ दिवस, भावाचं लग्न आणि इन्शुरन्सची शोधाशोध

माझ्या धाकट्या भावाचं लग्न जर्मनीत श्टुटगार्टला ठरलं. मुलगी तिथलीच, आणि तारीख तिथल्या श्टांडेसआम्टने दिलेली. श्टांडेसआम्ट म्हणजे आपलं विवाह नोंदणी कार्यालय, पण तिथे "ताई, तुझ्यासाठी दोन महिने पुढे घेतो" असलं काही सहज चालत नाही. मी गरोदर, कॅलेंडर काढून मोजलं तर निघायच्या दिवशी गरोदरपणाचे २९ आठवडे २ दिवस, परत यायच्या दिवशी जवळजवळ ३२. सासूबाई म्हणाल्या व्हिडिओ कॉलवर बघ की, आई म्हणाली डॉक्टर सांगतील तसं कर, आणि डॉक्टर मॅडम म्हणाल्या सगळं नॉर्मल आहे, जा, पण इन्शुरन्सचं नीट बघ. जावं की नको यावर घरात दोन दिवस खल झाला, इन्शुरन्समध्ये तीन आठवडे गेले.

आधी वाटलेलं हेच सगळ्यात सोपं काम. शेंगेन व्हिसाला, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाला, ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच, किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणायचा खर्च धरून. अशी पॉलिसी ऑनलाइन दहा मिनिटांत मिळते, व्हिसासाठीचं पत्रही मेलवर येतं. नवरा पैसे भरायच्या स्क्रीनवर पोचलाच होता. मी ऑडिटमध्ये काम करते, कुठलाही कागद मागच्या पानापासून वाचायची खोड आहे, म्हणून म्हटलं थांब, पॉलिसी वर्डिंगची, म्हणजे सगळ्या अटींची पीडीएफ उघड. एक्सक्लुजनमध्ये, म्हणजे काय धरलेलं नाही त्या यादीत, स्वच्छ लिहिलेलं, गरोदरपण, बाळंतपण, गर्भपात आणि त्यातून उद्भवणारं काहीही कव्हर नाही, अपवाद फक्त एक्टोपिक प्रेग्नन्सीचा. आता एक्टोपिक म्हणजे गर्भ पिशवीच्या बाहेर, बहुतेकदा नळीत रुजतो, ते सुरुवातीच्या आठवड्यांतच कळतं. सातव्या महिन्यातल्या बाईला त्या अपवादाचा काय उपयोग, पुढच्या खेपेला?

म्हणजे बघा, व्हिसाला ही पॉलिसी चालते. माझा पाय मोडला तर चालते, अपेंडिक्स झालं तर चालते. ज्या एका कारणासाठी मला इन्शुरन्स हवा होता तेवढं सोडून सगळ्याला चालते.

मग शोधाशोध सुरू. नवऱ्याच्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये मॅटर्निटी आहे म्हणून आम्ही जरा निर्धास्त होतो, तर ती भारतापुरती. क्रेडिट कार्डावर फुकट मिळणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स असतो, त्यातही तोच एक्सक्लुजन. तुलना करायच्या साइटवर "प्रेग्नन्सी कव्हर" असा फिल्टर सापडला तेव्हा फार आनंद झाला, पण त्यातल्या दोन प्लॅनची वर्डिंग उघडली तर परत एक्टोपिकच. कोथरूडच्या आमच्या जुन्या एजंट काकांना फोन केला, गाडीचा आणि घराचा विमा त्यांच्याकडेच असतो. ते म्हणाले, "अगं सगळं कव्हर आहे, तू निवांत जा." मी म्हटलं काका, कुठल्या कलमात आहे ते व्हॉट्सअ‍ॅप करा ना. संध्याकाळपर्यंत काही आलं नाही, दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, "नाही गं, तू म्हणतेस तसंच आहे." प्रामाणिक माणूस, पण मी विचारलं नसतं तर?

कॉल सेंटरचा अनुभव त्याहून भारी. "येस मॅडम, इमर्जन्सी इज कव्हर्ड मॅडम." प्रेग्नन्सीची इमर्जन्सी का? "येस मॅडम, ऑल इमर्जन्सी." मेल करून द्या म्हटल्यावर जो मेल आला त्यात एकच वाक्य, कव्हर पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार राहील. एका कंपनीने तर उत्तरच दिलं नाही, रोज प्रीमियम भरायची आठवण मात्र न चुकता.

तर जे कोणी यातून जाणार असतील त्यांनी "प्रेग्नन्सी कव्हर आहे का" असं विचारूच नका, त्याला हो म्हणणं फार सोपं आहे. कितव्या आठवड्यापर्यंत ते विचारा, आणि तो आठवडा पूर्ण झालेला की चालू, हे पण विचारा, कारण २९ आठवडे २ दिवस म्हणजे २९ पूर्ण आणि तिसावा चालू, आणि आठवड्याची मर्यादा असेल तिथे एवढ्यावरून क्लेम अडकू शकतो. मोजणी निघायच्या तारखेला की घटना घडेल त्या तारखेला? कॉम्प्लिकेशन म्हणजे त्यांच्या लेखी नेमकं काय, फक्त जिवावर बेतलेलं की ब्लीडिंग, बीपी, वेळेआधी कळा हेही? आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला चौथ्या फोनला सुचलं: बाळ तिकडेच आधी जन्मलं तर बाळाचा खर्च कोणाचा? कारण पॉलिसी आईच्या नावावर असते, बाळ जन्मलं की ते वेगळं माणूस, त्याच्या नावावर काहीच नाही. आणि तीस आठवड्यांच्या बाळाला एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, कितीतरी आठवडे राहावं लागतं, खरा मोठा आकडा तिथे असतो, आईच्या बिलात नाही.

शेवटी एक पॉलिसी मिळाली, गरोदरपणातल्या जिवाला धोका असणाऱ्या कॉम्प्लिकेशनसाठी, ३२ आठवडे पूर्ण होईपर्यंत, त्यासाठी वेगळी मर्यादा मुख्य रकमेपेक्षा बरीच कमी. नॉर्मल डिलिव्हरी नाही, रूटीन तपासणी नाही, बाळ नाही. याहून चांगली मला तरी सापडली नाही. बाळाच्या बाजूचं काय, तर आम्ही दोघांनी बसून ठरवलं की एक एफडी मोडायची तयारी ठेवायची आणि ट्रिप अठरा दिवसांवरून बारावर आणायची. पॉलिसी मात्र पंधरा दिवसांची घेतली, फ्लाइट रद्द झाली तर मधेच उघडं पडायला नको. प्रपोजल फॉर्ममध्ये गरोदर आहे का हा प्रश्नच नव्हता, तरी मी मेलवर आठवडे, ड्यू डेट आणि थायरॉइडची गोळी चालू असल्याचं कळवलं आणि पोच मागून घेतली. हे सगळं भारतातून निघायच्या आधीच व्हायला हवं, तिकडे उतरून अशी पॉलिसी घेता येत नाही.

एअरलाइनचे नियम त्या मानाने सरळ. एकच बाळ असेल तर बऱ्याच मोठ्या एअरलाइन ३६ आठवड्यांपर्यंत नेतात. एमिरेट्सला २९ आठवड्यांपासून डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, ब्रिटिश एअरवेज २८ नंतर जवळ ठेवायला सांगते, जुळं असेल तर या दोघींकडे ३२ आठवड्यांपर्यंतच. लुफ्तान्साकडे जुळ्यांसाठी मर्यादा २८ ची आहे. तिकीट काढायच्या दिवशी साइटवर परत बघा आणि परतीच्या तारखेने मोजा, जायच्या नाही. जाताना बसवलं आणि येताना अडवलं तर काय करणार.

सर्टिफिकेटमध्ये आमची एक गंमत झाली. डॉक्टर मॅडमनी पाळीच्या तारखेवरून ड्यू डेट लिहिली आणि मी फाइलमध्ये सोबत लावलेल्या सोनोग्राफी रिपोर्टवर मशीनची तारीख, सहा दिवस पुढची. मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवले, एका तारखेवर बोट, दुसऱ्या तारखेवर बोट, आणि विचारलं यातलं धरायचं काय? माझ्या पोटात गोळा. सुदैवाने सर्टिफिकेट पाच दिवसांपूर्वीचं होतं, लेटरहेड, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर सगळं होतं, तिने ते धरलं. पण तुम्ही निघायच्या आधी सगळ्या कागदांवर एकच ड्यू डेट आहे ना बघा, आणि सर्टिफिकेटवर "सातवा महिना" नको, आठवडे आणि दिवस लिहून घ्या, बाळ एकच आहे हेही, आणि प्रवासाच्या दोन्ही तारखांना फिट आहे हेही. माझा ब्लड ग्रुप बी निगेटिव्ह, त्यामुळे २८व्या आठवड्यातलं अँटी-डी इंजेक्शन घेऊनच निघाले, त्याची नोंद फाइलच्या पहिल्या पानावर. गोळ्यांची नावं ब्रँडची नको, औषधाची लिहून घ्या, आपले ब्रँड तिकडे कोण ओळखणार.

पुण्याहून निघताना वेळ भरपूर ठेवा, फ्लाइट रात्रीची असली तरी आम्ही दुपारीच निघालो. एक्सप्रेसवेवर फूड मॉलला दोनदा थांबलो, घाटात ट्रकच्या मागे पाऊण तास. पायाचे टाइट स्टॉकिंग टिळक रोडवरच्या सर्जिकल दुकानातून घेतले, तिथल्या काकांनी सांगितलं सकाळी या माप द्यायला, संध्याकाळी पाय सुजलेले असतात. लांबच्या प्रवासात पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका गरोदरपणात जास्त असतो, म्हणून आइलची सीट, तासा-दीड तासाला एक चक्कर आणि पाणी. बेल्ट पोटाखालून, मांड्यांवर. सासूबाईंनी दिलेल्या डब्यातले डिंकाचे लाडू फ्रँकफर्टपर्यंत संपले.

लग्न छान झालं, बारा मिनिटांत. साडी नेसलेली मी एकटीच, त्यात पोट, सगळे मलाच उठून खुर्ची देत होते. नव्या वहिनीने, म्हणजे भावजय हो, वयाने माझ्याएवढीच, आईला फोनवर विचारून विचारून माझी ओटी भरली, एशियन दुकानातला नारळ आणि बासमतीने.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पोट दगडासारखं कडक व्हायला लागलं, दर पंधरा-वीस मिनिटांनी. दुखत नव्हतं, पण बाळाची हालचालही कमी वाटत होती. पॉलिसीत लिहिलेलं असतं आधी असिस्टन्स नंबरला फोन करा, म्हणून नवरा फोनवर, पस्तीस मिनिटं म्युझिक, मग पलीकडून प्रश्न, "इज इट रूटीन?" तोवर भावजयीने गाडी काढली होती. जर्मनीत अशा वेळी सरळ मॅटर्निटी असलेल्या हॉस्पिटलच्या क्राइससालला, म्हणजे लेबर वॉर्डला जायचं, तिथे चोवीस तास माणूस असतं. अँब्युलन्ससाठी ११२. हे दोन्ही मी आधी लिहून ठेवायला हवं होतं, नव्हतं ठेवलं.

तिथल्या मिडवाइफ बाईने पोटाला पट्टे लावले. आपल्याकडे ज्याला एनएसटी म्हणतात त्याला तिकडे सीटीजी म्हणतात. अर्धा तास घोड्याच्या टापांसारखा ठोका ऐकत पडले होते, कागदाची पट्टी सरकत होती, आणि नवरा त्या पट्टीकडे शेअर मार्केट बघावं तसा बघत होता. मग लघवीची तपासणी, मग सोनोग्राफी. डॉक्टर मुलगी होती, तिने सहज विचारलं, मुलगा की मुलगी ते सांगू का? आम्ही दोघं एकदम "नो, नो!" असे ओरडलो की ती दचकलीच. आयुष्यभर सोनोग्राफी सेंटरमध्ये लिंगनिदान गुन्हा आहे ही पाटी वाचलेली माणसं आम्ही, तिथे कायदेशीर असलं तरी छातीत धडधड झाली. बाकी सगळं ठीक होतं, खोट्या कळा, माझं पाणी पिणं कमी पडलं होतं, लग्नाच्या धावपळीत कोण बाटली घेऊन फिरतं. दोन तासांत घरी. कोणी आत घेताना अ‍ॅडव्हान्स मागितला नाही, पत्ता तेवढा लिहून घेतला.

बिल पुण्यात आल्यावर कळलं. तिकडे असं बिल नंतर पोस्टाने येतं, भावाच्या पत्त्यावर, १८६ युरो. मी क्लेम टाकला, रिपोर्ट, बिल, बोर्डिंग पास, पासपोर्टची शिक्क्यांची पानं सगळं जोडून. तीन आठवड्यांनी नकार आला: परिस्थिती जिवाला धोका असलेली नव्हती. आणि समजा असती, तरी पहिले १०० डॉलर डिडक्टिबल म्हणून माझेच. राग आला, पण वर्डिंगमध्ये तेच लिहिलेलं, मीच पिवळ्या मार्करने खूण केलेली, भांडायला जागा नव्हती. तुमच्याकडे जागा असेल तर मात्र सोडू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बुड्समन म्हणजे विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातही आहे आणि फी लागत नाही. तिथे मेलवरची उत्तरंच कामाला येतात, फोनवरचं "येस मॅडम" नाही.

परत जायची वेळ आली तर? २९ला गेले तसं जाईन, पण जुळं असतं किंवा बीपी वगैरे काही असतं तर नसते गेले, कारण त्या खर्चाला कव्हर देणारं मला कोणी भेटलं नाही. आणि ज्यांना तारीख बदलता येतेय त्यांनी चौथ्या-पाचव्या महिन्यातच जाऊन या, पॉलिसी पण जास्त मिळतात आणि पायही सुजत नाहीत.

बाळ पुण्यातच झालं, ३९ आठवड्यांना. बारशाच्या आदल्या दिवशी भावाचा फोटो आला, अजून एक पाकीट. लॅबचं बिल तिकडे हॉस्पिटलपेक्षा वेगळं येतं म्हणे, २३ युरो. खाली लिहिलेलं, "ताई, हे माझ्याकडून बारशाचं."